पावसाळी हवेने चोरलेले दोनशे फूट

१९ जुलै १९५९. मुंबईत पाऊस लागलेला, सांताक्रूझ विमानतळावर लांबचं धड दिसत नव्हतं. अशात एअर इंडियाचं एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान उतरायला आलं. नोंदणी व्हीटी-डीआयएन, आत ४६ माणसं. उतरण्याचा प्रयत्न फसला आणि विमानाची अशी मोडतोड झाली की दुरुस्तीचा नाद सोडून ते मोडीतच काढावं लागलं. माणसं मात्र सगळी वाचली. कुणी दगावलं नाही म्हणूनच बहुधा हा अपघात आज फारसा कुणाच्या लक्षात नाही.

त्याच्या कारणांत दोन आकडे येतात: २९.९२ आणि २९.७१. कॅप्टनने उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे अल्टीमीटरवर, पहिला आकडा लावला होता. लावायला हवा होता दुसरा. फरक ०.२१ चा. एवढ्याशा फरकाने चार इंजिनांचं विमान अडचणीत कसं येतं, हे कळायला विमानशास्त्राची पदवी लागत नाही. हवेला वजन असतं एवढं मान्य असलं की पुरे.

आधी विमानाविषयी थोडं. कॉन्स्टेलेशन हे लॉकहीड कंपनीचं, पंख्यांवर चालणारं लांब पल्ल्याचं विमान. माशासारखी बाकदार पाठ आणि शेपटाला एकाऐवजी तीन उभे पंख, त्यामुळे फोटोत ते कुणालाही ओळखू येतं. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला एअर इंडियाचं जे पहिलं विमान गेलं, ते या जातीचंच होतं, ‘मलबार प्रिन्सेस’. जेआरडी टाटा स्वतः त्यात होते. सुपर कॉन्स्टेलेशन ही त्याची लांब, जास्त ताकदीची आवृत्ती. एअर इंडियाने या विमानांना ‘रानी ऑफ झाँसी’, ‘रानी ऑफ अजंता’ अशी राण्यांची नावं दिली होती. १९६० मध्ये बोईंग ७०७ आली आणि राण्यांचं राज्य आटोपत गेलं. म्हणजे आपला अपघात पंख्यांच्या जमान्याच्या अगदी शेवटच्या वर्षातला.

या विमानाच्या प्रत्येक इंजिनात १८ सिलिंडर. चार इंजिनं म्हणजे ७२. शिवाय धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर छोटी टर्बाइनं फिरवून तीही ताकद पंख्याकडे वळवलेली. हे सगळं सांभाळायला कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांखेरीज एक फ्लाइट इंजिनिअर असायचा आणि त्याच्यासमोर घड्याळांची एक अख्खी भिंत. यंत्रसामग्री इतकी बारीकसारीक, पण जमीन किती खाली आहे हे सांगायला जे साधन होतं ते मुळात तीनशे वर्षांपूर्वीचंच होतं. बॅरोमीटर.

कारण अल्टीमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगतो.

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिलात तर डोक्यावर हवेचा अख्खा थर असतो, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाचा. वर जावं तसा डोक्यावरचा थर कमी होतो, म्हणून दाबही कमी होतो. अठरा हजार फुटांवर तो जवळपास निम्मा राहतो. अल्टीमीटरच्या डब्यात पातळ पत्र्याची, नागमोडी वळ्या असलेली एक बंद डबी असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली. डब्याला एक बारीक नळी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक विमानाच्या अंगावरच्या छोट्या भोकाशी उघडं असतं, त्यामुळे बाहेर असेल तोच दाब डब्यात. विमान वर गेलं की डब्यातला दाब उतरतो, डबी किंचित फुगते. खाली आलं की चेपते. हे फुगणं-चेपणं डोळ्यांना दिसणारही नाही एवढं असतं. पण तरफा आणि दातेरी चाकं ते वाढवत वाढवत तबकडीवरच्या काट्यापर्यंत नेतात, आणि काटा म्हणतो: तीन हजार फूट.

त्याचं हे म्हणणं एका गृहीतकावर उभं आहे. समुद्रसपाटीला आज दाब किती, हे त्याला ठाऊक असल्याचं गृहीतक. खरं तर ते त्याला कळायला काहीच मार्ग नसतो, कुणीतरी सांगावं लागतं. दाब रोज बदलतो, सकाळ-संध्याकाळ बदलतो, गावागणिक बदलतो. विमान उभं असतानाही दाब घसरला तर अल्टीमीटरचा काटा वर चढतो. धावपट्टीवर चाकं टेकलेली, आणि काटा सांगतो दीडशे फूट.

म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी ठेवलेली असते आणि खाली एक बटण. बटण फिरवलं की खिडकीतला आकडा बदलतो आणि त्यासरशी काटेही सरकतात. जर्मनीत जन्मलेल्या पॉल कोल्समन या इंजिनिअरने १९२८ मध्ये अमेरिकेत हा सुधारलेला अल्टीमीटर बनवला. त्याआधीची यंत्रं इतकी ढोबळ होती की उतरताना त्यांच्यावर विसंबणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ ला, जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने कॉकपिट झाकून घेऊन, बाहेर अजिबात न बघता, फक्त यंत्रांच्या भरवशावर विमान उडवून परत उतरवून दाखवलं. त्या यंत्रांत कोल्समनचा अल्टीमीटर होता. वैमानिक अजूनही त्या खिडकीला कोल्समन खिडकीच म्हणतात.

भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा टांगता काटा आठवा. माल टांगायच्या आधी काटा शून्यावर आणायला त्याला एक छोटा स्क्रू असतो. तो हलला आणि रिकामा काटाच दोनशे ग्रॅम दाखवू लागला, की पुढे टांगाल ती प्रत्येक वस्तू दोनशे ग्रॅमने जास्त. स्प्रिंग उत्तम, तबकडी स्वच्छ, बिघाड कुठेच नाही. आणि तरी प्रत्येक वजन खोटं. अल्टीमीटरचं बटण म्हणजे तोच स्क्रू.

आता आकड्यांकडे. २९.९२ म्हणजे २९.९२ इंच पाऱ्याचा दाब. आपल्याला शाळेत ७६ सेंटिमीटर शिकवलेला असतो, तोच. हेक्टोपास्कल या दाबाच्या एककात १०१३.२५. जगभर हा ‘प्रमाण’ दाब मानलेला आहे. प्रमाण म्हणजे ठरवून घेतलेला. तो अमुक ठिकाणी अमुक दिवशी असेलच असं नाही. २९.७१ इंच म्हणजे साधारण १००६ हेक्टोपास्कल. त्या दिवशी त्या वेळी अल्टीमीटरवर लावायला हवा होता तो खरा दाब हा.

जमिनीलगत एक इंच दाब म्हणजे ढोबळमानाने हजार फूट, नेमकं सांगायचं तर थोडं कमीच. तेव्हा ०.२१ इंच म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास. प्रश्न एवढाच की कुठल्या बाजूने. यंत्राला सांगितलं, समुद्रसपाटीला दाब २९.९२ आहे. खरा दाब त्याहून कमी. बाहेरचा कमी दाब बघून यंत्राने काढलेला निष्कर्ष: दाब कमी आहे म्हणजे आपण उंचावर आहोत. उंची तेवढी नव्हतीच, हवाच हलकी होती. काट्याने दोनशे फूट जास्त दाखवले, आणि विमान होतं दोनशे फूट खाली.

उलटी चूक झाली असती, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी आकडा लावला गेला असता, तर विमान वाटतं त्यापेक्षा वर राहिलं असतं. धावपट्टीवर लांब जाऊन टेकणं हाही काही चांगला प्रकार नव्हे, पण पोटाखाली मोकळी हवा तरी असते. म्हणून शिकाऊ वैमानिकांकडून घोकून घेतात: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताय, खाली सांभाळा.

आणि मुंबईत जुलैमध्ये दाब कमीच असतो. उन्हाळ्यात राजस्थान आणि त्यापलीकडचा पाकिस्तानातला मुलूख भट्टीसारखा तापतो, तिथली हवा वर चढते आणि कमी दाबाचा एक मोठा पट्टा तयार होतो. समुद्रावरची दमट हवा ज्या ओढीने आपल्याकडे धावत येते ती हीच. मान्सून म्हणजे कमी दाबाला भरून काढायला निघालेला वारा. त्यात पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाची एक रेघ अधूनमधून उमटते, आणि ती उमटली की कोकणात झोडपून पाऊस. जानेवारीत मुंबईत दाब १०१२-१३ च्या घरात असतो, म्हणजे जवळपास प्रमाण दाबाएवढाच. जुलैत तो १००३-०४ पर्यंत उतरतो. व्हीटी-डीआयएन आलं त्या वेळचा १००६ हा जुलैच्या मानाने बराच म्हणायचा!

याचा अर्थ असा की जानेवारीतल्या स्वच्छ सकाळी एखाद्या वैमानिकाने मुंबईत उतरताना २९.९२ बदललाच नाही, तर बहुधा काहीच बिघडणार नाही. चूक पाच-पंचवीस फुटांची, आणि समोर धावपट्टी लख्ख दिसतेय. तीच चूक जुलैत केली तर दोनशे-अडीचशे फुटांची, तीही खालच्या बाजूने, आणि पाऊस-ढगांमुळे बाहेर बघून ती पकडायची सोय नाही. दाब उतरणं आणि दिसेनासं होणं ही आपल्याकडे एकाच ऋतूची दोन अंगं आहेत. मला या अपघातात सगळ्यात बोचतं ते हेच.

अल्टीमीटरचं गणित तापमानावरही अवलंबून असतं, हे खरं आहे. समुद्रसपाटीला १५ अंश धरून त्याच्या चाकांची आखणी केलेली असते आणि मुंबई काही १५ अंशांची नव्हे. गरम हवा पसरलेली असते, त्यामुळे विमान काट्यापेक्षा थोडं वरच असतं. पण तीनशे फुटांवर हा फरक दहा-पंधरा फुटांचा. दाबाने दोनशे घेतले, उष्म्याने दहा परत केले.

दोनशे फूट ऐकायला काही फार वाटत नाहीत. वीस हजार फुटांवर त्यांना काही किंमतही नाही. उतरताना मात्र हिशेब वेगळा होतो. धावपट्टीकडे येणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. कॉन्स्टेलेशनसारख्या विमानाचा त्या वेळचा वेग ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर धरा. या वेगाने आणि या उताराने दोनशे फूट उतरायला वीसेक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विमान एक किलोमीटरहून थोडं जास्त पुढे सरकतं. म्हणजे काटा सांगेल त्या भरवशावर ठरल्या उताराने येत राहिलात, तर विमान जमिनीला भिडेल ते धावपट्टीच्या किलोमीटरभर अलीकडे.

वाईट हवेत उतरताना एक किमान उंची ठरलेली असते. तिथपर्यंत यायचं, दिवे किंवा धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर ताकद लावून पुन्हा वर जायचं. समजा ही मर्यादा तीनशे फूट आहे. ढगात, पावसात, समोरच्या काचेवर पाण्याचे ओघळ, वायपर धावतायत, एक वैमानिक काट्यावर डोळा ठेवून उंची मोठ्याने सांगतोय. काटा तीनशेवर येतो. खरी उंची शंभर. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पंखांचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पसारा १२३ फूट होता. विमान आपल्या स्वतःच्या पंखांच्या पसाऱ्यापेक्षाही कमी उंचीवर, आणि आतल्या माणसांना वाटतंय अजून निवांत आहोत.

अशा वेळी पुन्हा वर जायचं ठरवलं तरी ते एका हाताचं काम नव्हतं. आजच्या विमानात एक बटण दाबलं की बरंच काही आपोआप होतं. तेव्हा चार थ्रॉटल पुढे, पंख्यांचे फेरे वाढवायचे, इंधनाचं मिश्रण बघायचं, पंखांमागच्या खाली सोडलेल्या फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घ्यायच्या, चाकं आत घ्यायची, आणि या सगळ्यात नाक फार वर जाऊ द्यायचं नाही. वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर यांच्यात हाका आणि प्रतिसाद चालायचे. चाकं खाली आणि फ्लॅप पूर्ण बाहेर असताना विमानाला हवेचा अडथळा फार. ताकद लावताच ते लगेच वर उसळत नाही, आधी थोडं आणखी खाली बसतं. शंभर फुटांतलं तेवढं बसणंही परवडत नाही.

मग सहज प्रश्न येतो, एवढा अनुभवी कॅप्टन आकडा चुकीचा कसा लावतो? मला वाटतं, प्रश्नच जरा उलटा आहे. २९.९२ हा कॉकपिटमधला परका आकडा नाही. उंचावर उडताना सगळी विमानं मुद्दाम हाच आकडा लावतात, आजही. मुंबईहून निघालेलं आणि कैरोहून आलेलं विमान समोरासमोर येत असेल आणि दोघांनी आपापल्या गावचा दाब लावला असेल, तर दोघांचे ‘वीस हजार फूट’ वेगवेगळे निघतील. सगळ्यांनीच २९.९२ लावला की समुद्रापासूनची खरी उंची कदाचित सगळ्यांचीच चुकेल, पण सारखी चुकेल, आणि एकमेकांतलं अंतर बरोबर राहील. उतरायला लागलं, ठरावीक पातळी ओलांडली, की बटण फिरवून त्या विमानतळाचा स्थानिक दाब लावायचा. तो लावला की जमिनीवर टेकल्यावर काटा त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो: मुंबईत ३९ फूट, पुण्याच्या लोहगावला सुमारे १,९०० फूट.

म्हणजे २९.९२ हा आकडा तासन्‌तास बरोबरच असतो, आणि मग एका क्षणानंतर चुकीचा होतो. खिडकीतला चुकीचा आकडा चुकीचा दिसत नाही. लाल दिवा लागत नाही, काटा थरथरत नाही. कॉकपिटमध्ये दोन अल्टीमीटर असतात, डाव्या वैमानिकासमोर एक आणि उजव्यासमोर एक, एकात बिघाड झाला तर कळावा म्हणून. पण दोघांवर तोच चुकीचा आकडा लावलेला असेल तर दोघेही एकमुखाने तीच खोटी उंची सांगतात, आणि एकमत झालं की शंका यायची थांबते.

त्या काळच्या अल्टीमीटरमध्ये आणखी एक खोड होती. तबकडीवर तीन काटे असायचे: लांब काटा शेकड्यांचा, मधला हजारांचा, आणि सगळ्यात छोटा दहा हजारांचा. दमलेल्या माणसाने अंधारात एका नजरेत तीन काटे वाचायचे! १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये याने दोनदा दगा दिला. २८ एप्रिलला स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला उतरायला निघालेल्या व्हायकाउंट विमानाच्या वैमानिकाने साडेचार हजार फुटांना साडेचौदा हजार वाचलं. विमान एअर नावाच्या गावाजवळ जमिनीवर आदळलं, आत कर्मचारीच होते, पाच, ते वाचले. २४ डिसेंबरला ब्रिटानिया विमानाची चाचणी चालू असताना धुक्यात पुन्हा तीच दहा हजार फुटांची चूक झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, हर्न विमानतळालगत विमान जमिनीत घुसलं. १२ पैकी ९ जण गेले. त्यानंतर तीन काट्यांची तबकडी हळूहळू हद्दपार झाली आणि मोटारीच्या मीटरमध्ये किलोमीटर दिसतात तसे सरळ आकडे दाखवणारे अल्टीमीटर आले. वाचण्याची चूक त्यामुळे संपली. लावण्याची चूक तशीच राहिली.

मुंबईत तर दोनशे फुटांना आणखी महत्त्व. समुद्राच्या बाजूने मोकळीक आहे, पण पूर्वेला घाटकोपर-विक्रोळीकडच्या टेकड्या उभ्या आहेत. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, आणि विमान वाऱ्याकडे तोंड करूनच उतरवतात, त्यामुळे त्या दिवसांत विमानं पूर्वेकडून, टेकड्यांच्या अंगाने येतात. या टेकड्यांनी एकदा फार मोठी किंमत घेतली आहे. १२ जुलै १९४९ ला केएलएम या डच कंपनीचं ‘फ्रानेकर’ हे कॉन्स्टेलेशन सांताक्रूझला उतरायला येत असताना पावसाळी ढगांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ जण होते, एकही वाचला नाही. त्यांत डच सरकारच्या निमंत्रणावरून इंडोनेशिया बघून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांतलेच. हा अपघात अल्टीमीटरच्या आकड्यामुळे झाला असं कुणी समजू नये. तो इथे आणला तो एवढ्यासाठी की व्हीटी-डीआयएन ज्या विमानतळावर येत होतं, तिथे ढगात खाली येणं म्हणजे काय, हे सगळ्यांना दहाच वर्षांपूर्वी कळून चुकलं होतं. पुढे ७ जुलै १९६२ ला अलितालिया या इटालियन कंपनीचं जेट मुंबईकडे येताना अंतराच्या हिशेबात चुकलं, वेळेआधी खाली आलं आणि जुन्नरकडच्या डोंगरावर आदळून ९४ जण गेले. तिन्ही तारखा जुलैच्या आहेत, कारणं मात्र निरनिराळी.

या सगळ्यावर उपाय काय निघाले? पहिला उपाय फुकटचा: बोलणं. कंट्रोल टॉवर दाब सांगतो, वैमानिक तो आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो, टॉवर ऐकून खात्री करतो. मग कॉकपिटमध्ये दोघे एकमेकांच्या खिडक्या तपासतात. हे रटाळ वाटतं आणि तसंच ते असायला हवं. यातही एक फट आहे. काही देशांत दाब इंचांत सांगतात, काही ठिकाणी हेक्टोपास्कलमध्ये. ‘नऊ नऊ दोन’ एवढंच कानावर पडलं तर ते ९९२ हेक्टोपास्कल की २९.९२ इंच? इंचांच्या सवयीचा वैमानिक दुसरं समजला तर चूक सहाशे फुटांच्या आसपास, आणि पुन्हा खालच्याच बाजूची.

दुसरा उपाय म्हणजे दाबाशी काही देणंघेणं नसलेलं यंत्र. रेडिओ अल्टीमीटर पोटाखाली रेडिओ लहरी सोडतो आणि त्या जमिनीवरून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून खरी उंची काढतो. त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. त्याच्या जोरावर १९७० च्या दशकात जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा विमानांत बसू लागली, आणि पुढे तिला उपग्रहांवरून कळणारी जागा आणि डोंगरांचा नकाशा यांची जोड मिळाली. व्हीटी-डीआयएनच्या जमान्यात ओरडून सांगणारं असं कुणी नव्हतं.

मग हा विषय इतिहासात जमा झाला का? नाही. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस ए-३२० पावसात उतरायला आलं. खरा दाब १००१. कंट्रोलरच्या तोंडून १०११ गेलं. वैमानिकांनी १०११ परत म्हणून दाखवलं, चूक कुणाच्या लक्षात आली नाही. दहा हेक्टोपास्कल म्हणजे २८० फूट. उपग्रहाच्या साहाय्याने येण्याची जी पद्धत ते वापरत होते, तिच्यात खाली यायचा उतार अल्टीमीटरच्या दाबावरूनच ठरतो. त्यामुळे पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं आणि अख्खा उतारच २८० फूट खाली सरकलेला होता. किमान उंचीला धावपट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे पुन्हा वर जायचं ठरवलं. त्या वळणावर विमान जमिनीपासून अवघं सहा फूट वर होतं, धावपट्टी अजून दीड किलोमीटर लांब. दुसऱ्यांदा आले तेव्हाही खिडकीत तोच आकडा होता. या वेळी मात्र ढगातून बाहेर पडताच धावपट्टीशेजारचे उतार दाखवणारे दिवे दिसले, आपण खाली आहोत हे कळलं, आणि विमान सुखरूप उतरलं.

हे गणित घरबसल्या करून बघता येतं. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा हवामान अहवाल साधारण दर अर्ध्या तासाने निघतो आणि इंटरनेटवर कुणालाही बघायला मिळतो. मुंबईचा अहवाल उघडा. सांकेतिक अक्षरांच्या त्या ओळीत शेवटाकडे ‘क्यू’ आणि पुढे चार आकडे असतात, तो त्या घडीचा दाब. १०१३ मधून तो वजा करा आणि दर हेक्टोपास्कलला २७ फूट धरा. पावसाच्या दिवशी तिथे १००२ असेल तर ११ गुणिले २७, म्हणजे तीनशे फुटांच्या आसपास. २९.९२ बदलायला विसरलेलं विमान त्या घडीला तेवढं खाली असेल.